चक्रीफूल आणि चिनी दालचिनी: सुगंधी तेल काढण्यापासून जीसी-एमएसचा आलेख वाचेपर्यंत

चिनी वैद्यकात काढ्याच्या कृतीत एक सूचना वारंवार येते: 'होऊ-श्या', म्हणजे 'मागाहून घाला'. पुदिना, दालचिनीची साल अशा वासाच्या वस्तू मुळ्या-खोडांबरोबर पहिल्यापासून उकळायच्या नाहीत, काढा उतरवायच्या थोडं आधी टाकायच्या. आपल्याकडे बासुंदीत वेलदोड्याची पूड गॅस बंद करताना घालतात, त्यामागचं कारण हेच. वास उडून जातो. हा उडून जाणारा भाग पकडायचा, मोजायचा आणि त्यात नेमकं काय आहे ते खात्रीने सांगायचं, एवढंच या लेखाचं काम.

नमुन्यासाठी दोन वस्तू घेतल्या आहेत. पहिली 'बा-ज्याओ', म्हणजे आठ कोनांचं, अर्थात आपलं चक्रीफूल किंवा बाद्यान (इलिसियम व्हेरम). दुसरी 'रोऊ-ग्वे', कॅसियाची साल (सिनॅमोमम कॅसिया). आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, एकेरी गुंडाळीची, तिखट साल मिळते ती बहुतेक वेळा हीच असते. दोन्ही दक्षिण चीनच्या ग्वांगशी भागात मोठ्या प्रमाणावर पिकतात आणि दोन्ही आपल्या मसाल्याच्या डब्यात आहेत. पण ही जोडी निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे: एकीचं तेल पाण्यावर तरंगतं, दुसरीचं बुडतं. या दोन जमल्या की बाकीच्या सुगंधी वनस्पतींना हात घालायला भीती वाटत नाही.

आधी माल बघा

जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, दिसलं की विद्यार्थी थेट इंजेक्शनपर्यंत धावतात. निकाल मात्र बहुतेक वेळा पोतं उघडतानाच ठरलेला असतो.

चक्रीफूल पांढऱ्या कागदावर पसरा. खऱ्या फळाला साधारण आठ पाकळ्या असतात (त्या पाकळ्या नव्हेत, बिया असलेले कप्पे आहेत), टोकं बोथट असतात आणि वास बडीशेपेचा येतो. त्याचा विषारी भाऊबंद म्हणजे जपानी चक्रीफूल, इलिसियम ॲनिसॅटम. ते आकाराने लहान, टोकं अणकुचीदार आणि आकड्यासारखी वळलेली, वासात बडीशेपेचा गोडवा नाही. चीनमध्येही इलिसियमच्या काही विषारी जाती आहेत, त्यांतल्या काहींना दहा ते तेरा कप्पे असतात. म्हणून प्रत्येक लॉटमधली शंभरेक फळं मोजून कप्पे आणि टोकं तपासा. चव घेऊन ठरवू नका. तुटलेल्या फळांवरून काहीच सांगता येत नाही, त्यामुळे चुरा विकत घेऊन विश्लेषण करण्यात अर्थ नाही.

कॅसियाची साल मोडून बघा. कडेला नख खरवडलं की लगेच तिखट-गोड वास आला पाहिजे. एकाच पोत्यात जाड-पातळ साली मिसळलेल्या असतात, म्हणून वर, मध्ये आणि तळाशी हात घालून नमुना काढा, ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. हे पुन्हापुन्हा करत साधारण दोनशे ग्रॅमवर या. चक्रीफुलाच्या बाबतीत गळून पडलेल्या बियाही नमुन्यातच राहू द्या. तेल मुख्यतः कप्प्यांच्या भिंतीत असतं, बिया टाकून दिल्या तर तुमचा टक्का उगाच फुगतो.

दळण आणि ओलावा

जाडसर रव्याइतकंच दळा. अगदी मैदा केला की दोन गोष्टी होतात: मिक्सर तापून वास तिथेच उडतो आणि फ्लास्कमध्ये फेस येऊन भुकटी वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरपर्यंत चढते. पाच-पाच सेकंद फिरवा, थांबा, भांडं हाताला गार लागलं की पुन्हा फिरवा. ज्या दिवशी ऊर्ध्वपातन (उकळून, वाफ गार करून गोळा करणं) करायचं त्याच दिवशी दळा. आदल्या संध्याकाळी दळून वॉचग्लासखाली ठेवलेली पूड सकाळी लॅबभर दरवळते, आणि तो दरवळ म्हणजे तुमचाच निकाल हवेत गेलेला असतो.

ओलावा मोजताना १०५ अंशांच्या ओव्हनचा मोह टाळा. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर तेलही उडतं आणि तुम्ही ते सगळं पाण्याच्या खात्यात मांडता. सुगंधी मालासाठी टोल्युईनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाण्याचं आकारमान मोजायची पद्धत आहे. पाणी खाली बसतं, तेल टोल्युईनमध्ये विरघळतं, गोंधळ होत नाही.

चक्रीफूल: तरंगणारं तेल

उपकरण क्लेव्हेंजरच्या धर्तीचं. फ्लास्क, त्यावर अंशांकित नळी आणि तिच्यातून पाणी परत फ्लास्कमध्ये नेणारी तिरपी वाट. चिनी फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथाची) पद्धत सांगते की अंदाजे ०.५ ते १ मिली तेल निघेल इतका माल घ्यावा. चक्रीफुलात तेल भरपूर असतं, म्हणून १२ ग्रॅमच्या आसपास पुरे. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये माल, ३०० ते ५०० मिली पाणी आणि काही काचमणी टाका. कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून पाणी ओतून अंशांकित नळी भरा, पाणी ओसंडून फ्लास्कमध्ये उतरेपर्यंत. मग हीटिंग मँटल चालू. उकळी मंद ठेवायची, धबाधबा नाही. साधारण पाच तास, आणि तेलाची पातळी वाढायची थांबली याची खात्री होईपर्यंत.

थांबल्यावर लगेच वाचायची घाई नको. थोडं थांबून खालची तोटी हळूच उघडा आणि तेलाचा वरचा काठ शून्याच्या रेषेच्या ५ मिलिमीटर वर येईपर्यंत पाणी सोडा. तासभर तसंच राहू द्या, भिंतीला चिकटलेले थेंब उतरतात. मग काठ बरोबर शून्यावर आणून खालचा काठ वाचा. समजा माल १२.४० ग्रॅम आणि तेल ०.८६ मिली, तर ०.८६ भागिले १२.४० गुणिले १००, म्हणजे ६.९%. हा टक्का मिली प्रति १०० ग्रॅम असा आहे, वजनाचा नाही. अहवालात तसं लिहा. चिनी फार्माकोपियाच्या २०२० च्या आवृत्तीत चक्रीफुलासाठी किमान ४.० अशी मर्यादा आहे.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले आहे. नवा चिलर आला होता, पाणी आठ अंशांवर ठेवलेलं. जितकं गार तितकं चांगलं, असा आमचा समज. तासाभरात कंडेन्सरच्या आतल्या भिंतीवर पांढरी साय धरली आणि नळीतलं तेल वाढेना. ती साय म्हणजे ट्रान्स-ॲनेथोल. शुद्ध ॲनेथोल एकवीस-बावीस अंशांलाच गोठतं, तेल पंधरा ते एकोणीसच्या दरम्यान. कंडेन्सरमध्ये सुगंधाचा बर्फ जमत होता आणि आम्ही वाचन कमी येतंय म्हणून मालाला दोष देत होतो. चक्रीफुलासाठी थंड पाण्याचं तापमान बावीस-तेवीसच्या खाली नेऊ नका. मुंबईत नळाचं साधं पाणी वर्षाचा बराच काळ चालतं. साय धरलीच तर पाणी काही मिनिटं बंद करा, वाफेनेच ती वितळून खाली येते. मात्र समोरून हलू नका, नाहीतर वाफ वरून निघून जाईल.

कॅसिया: बुडणारं तेल

कॅसियाच्या तेलात मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड. त्याची घनता १.०५ च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा जड. आता तरंगत्या तेलाच्या उपकरणात ते घाला आणि काय होतं बघा. तीन तास उकळी, सगळ्या मजल्यावर दालचिनीचा वास, आणि नळीत तेलाचा जेमतेम तवंग. मी साल निकृष्ट असल्याची नोंद वहीत करत होते. आमच्या लॅबमधले मामा काचसामान गोळा करायला आले, नळीकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तेल वर शोधताय. ते खाली बसून फ्लास्कमध्ये परत जातंय." नळीच्या तळाशी खरोखरच पिवळसर थेंब घरंगळत तिरप्या वाटेने परत निघाले होते.

यावरचा उपाय म्हणजे झायलीन. आधी फ्लास्कमध्ये ३०० मिली पाणी आणि काचमणी टाकून उकळी आणा, मग वरून पिपेटने १ मिली झायलीन सोडा आणि अर्धा तास चालू द्या. थांबवून पंधरा मिनिटांनी झायलीनचं आकारमान वाचून लिहून ठेवा. ते नेमकं १.०० येतंच असं नाही. मग माल घालून पाच तास. शेवटी एकूण आकारमानातून आधीचं झायलीन वजा करा.

माल किती घ्यायचा ते इथे फार महत्त्वाचं. झायलीनची घनता ०.८६. एक मिली झायलीनमध्ये १ मिली कॅसिया तेल मिसळलं तर मिश्रण साधारण ०.९५, मजेत तरंगतं. चार मिली तेल आलं तर मिश्रण १ च्या वर जातं आणि पुन्हा बुडतं. म्हणून ४० ग्रॅम साल घ्या. दीड टक्का धरला तर ०.६ मिली तेल. चिनी फार्माकोपियाची किमान मर्यादा १.२ आहे.

त्याच ग्रंथात सालीतल्या सिनॅमाल्डिहाइडची किमान मर्यादा १.५% दिली आहे, हे वाचून अनेकजण गोंधळतात. तेलच १.२ आणि त्यातला एक घटक १.५? दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात. तेल ऊर्ध्वपातनाने आणि आकारमानात मोजलेलं. अल्डिहाइड सालीतून थेट द्रावकाने काढून एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) २९० नॅनोमीटरला वजनात मोजलेलं. ऊर्ध्वपातन सालीतलं सगळं कधीच काढत नाही, आणि सिनॅमाल्डिहाइड पाण्यातही थोडं विरघळून आणि थोडं बारीक थेंबांच्या रूपात राहतं. नळीतलं पाणी दुधाळ दिसतं ते त्या थेंबांमुळेच.

झायलीन घातलेलं हे तेल टक्का मोजायला ठीक, घटक मोजायला नाही. जीसीसाठी वेगळा घाणा काढा: झायलीन न घालता साधं ऊर्ध्वपातन, गोळा झालेलं दुधाळ पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये डायएथिल ईथरने दोन-तीनदा हलवून घ्या, ईथर निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा आणि कमी तापमानाला उडवा. सल्फेटचे खडे मोकळे हलायला लागले की वाळलं. गोळा होत असेल तर आणखी घाला. ईथरजवळ ज्योत नको, झायलीन फ्यूमहूडमध्येच, आणि सिनॅमाल्डिहाइड त्वचेला ॲलर्जी आणतं म्हणून हातमोजे.

जीसी नसेल तर

सगळ्या कॉलेजांत जीसी-एमएस नसतं, आणि प्राथमिक ओळखीला ते लागतही नाही. सिलिका जेलची टीएलसी प्लेट (पातळ थरावर द्रावक चढताना घटक वेगळे होतात ती), द्रावक म्हणून पेट्रोलियम ईथर आणि एथिल ॲसिटेट १७:३, शेजारी शुद्ध सिनॅमाल्डिहाइडचा ठिपका. प्लेट वाळवून डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिनचा फवारा मारा, अल्डिहाइडचा ठिपका नारिंगी उठतो. दोन ठिपके एकाच उंचीला आणि एकाच रंगाचे आले की पुढे जायला हरकत नाही. शंभर नमुन्यांतले संशयास्पद दहा बाजूला काढायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

जीसी-एमएस लावताना

तेल पातळ करा: १० मायक्रोलिटर तेल १ मिली द्रावकात. चक्रीफुलाला हेक्झेन चालतं. कॅसियाला एथिल ॲसिटेट घ्या, कारण सिनॅमाल्डिहाइडला हेक्झेन फारसं मानवत नाही. कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी बारीक लांब नळी, ५% फिनाइलचा नेहमीचा, ३० मीटर, ०.२५ मिलिमीटर व्यासाचा, ०.२५ मायक्रॉन थराचा. हेलियम १ मिली प्रति मिनिट, इंजेक्टर २५०, स्प्लिट १:५०. ओव्हन ६० अंशांवर दोन मिनिटं, मग मिनिटाला ४ अंशांनी २४० पर्यंत. आयनीकरण ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट, वस्तुमान ३५ ते ४०० पर्यंत. आणि त्याच दिवशी, त्याच प्रोग्रॅमवर सी-८ ते सी-२० अल्केनांचं (आठ ते वीस कार्बनच्या साखळ्यांचं) मिश्रण चालवा. हे अल्केन लोक टाळतात, आणि तिथेच घात होतो.

का, ते चक्रीफुलावर दाखवते. आलेखात एक डोंगराएवढा पीक (उंचवटा) येतो. सॉफ्टवेअर म्हणतं: ॲनेथोल, ९६ टक्के जुळणी. त्याच्या आधी एक लहान पीक. सॉफ्टवेअर म्हणतं: ॲनेथोल, ९५ टक्के जुळणी. मग दोन ॲनेथोल? लहान पीक बहुधा एस्ट्रॅगोलचा असतो. दोघांचं रेण्वीय वस्तुमान १४८, दोघे एकमेकांचे समघटक, फक्त दुहेरी बंधाची जागा एका घराने सरकलेली, आणि वस्तुमान वर्णपट जवळजवळ सारखा. सॉफ्टवेअरच्या वर्णपटांच्या लायब्ररीला यातला फरक कळत नाही. कॉलममधून बाहेर पडायची वेळ मात्र वेगळी असते, म्हणून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे अल्केनांच्या वेळांच्या तुलनेत घटकाची जागा सांगणारा आकडा, काढायचा. प्रत्येक अल्केनचा इंडेक्स त्याच्या कार्बनच्या संख्येच्या शंभरपट धरतात.

समजा तुमच्या रनमध्ये सी-११ आला १३.४० मिनिटांना, सी-१२ १७.२० ला, सी-१३ २१.०० ला. लहान पीक १७.०५ ला: (१७.०५ − १३.४०) भागिले ३.८० म्हणजे ०.९६, इंडेक्स ११९६. हा एस्ट्रॅगोल. मोठा पीक २०.४२ ला: (२०.४२ − १७.२०) भागिले ३.८० म्हणजे ०.८५, इंडेक्स १२८५. हा ट्रान्स-ॲनेथोल. तापमान सारख्या वेगाने चढत असताना वापरायचं हे सूत्र व्हॅन डेन डूल आणि क्रॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलं. स्थिर तापमानासाठीचं कोव्हात्सचं सूत्र त्याआधीचं, लॉगॅरिथमचं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आणखी एक खबरदारी. डोंगराएवढ्या पीकचं टोक खरं नसतं. कॉलमवर जास्त माल पडला की पीक पुढून ढळतो आणि टोक उशिरा येतं, म्हणजे इंडेक्स दोन-चारने फुगतो. वर डिटेक्टरही तृप्त होतो, त्यामुळे मुख्य घटकाचा टक्का कमी दिसतो. तेल दहापट पातळ करून दुसरा रन घ्या. मुख्य घटक त्यातून वाचा, किरकोळ घटक पहिल्यातून.

आता या कामातली सगळ्यात चोरटी जागा. सॅफ्रोलचा इंडेक्स या कॉलमवर साधारण १२८७, म्हणजे ॲनेथोलच्या अगदी कुशीत. चक्रीफुलात भेसळ असेल तर सॅफ्रोल त्या डोंगराखाली दडतं आणि एकूण आलेखात दिसतच नाही. वस्तुमान १६२ चा आयन वेगळा काढून बघा. ॲनेथोलच्या वर्णपटात १६२ नाही, सॅफ्रोलचा तो रेणू-आयन आहे. त्या खिडकीत १६२ चा टोकदार पीक आणि त्याच्या सोबत १३१ व १०४ दिसले, पुढे युजेनॉल आणि मेथॉक्सियुजेनॉलही सापडले, तर जपानी चक्रीफूल मिसळल्याचा दाट संशय घ्या.

कॅसियाचा आलेख वाचायला सोपा. ट्रान्स-सिनॅमाल्डिहाइड १२७० च्या आसपास, सर्वांत मोठा आयन १३१. नंतर कुमारिन १४३४ ला (१४६ आणि ११८), सिनॅमिल ॲसिटेट, आणि १५२८ च्या आसपास मेथॉक्सिसिनॅमाल्डिहाइड. युरोपीय फार्माकोपिया कॅसिया तेलात युजेनॉल अर्ध्या टक्क्याहून कमी आणि कुमारिन दीड ते चार टक्के अपेक्षित धरतो. श्रीलंकेच्या खऱ्या दालचिनीत उलट आहे: कुमारिन नाममात्र, युजेनॉल ठळक. तेलात नुसतं सिनॅमाल्डिहाइड आणि बाकी सगळं स्वच्छ दिसलं तर आनंदून जाऊ नका. झाडाचं तेल इतकं नीटनेटकं नसतं, ते कारखान्यातलं अल्डिहाइड असण्याची शक्यता जास्त.

टक्के कुठून घ्यायचे

एमएसच्या क्षेत्रफळाचा टक्का म्हणजे घटकाचं प्रमाण नव्हे. प्रत्येक रेणू वेगळ्या जोमाने आयन देतो. ओळख एमएसवरून, प्रमाण एफआयडीवरून (घटक ज्योतीत जाळून मोजणाऱ्या डिटेक्टरवरून). आणि आकडा कुणाला विकायचा किंवा कोर्टात दाखवायचा असेल तर शुद्ध प्रमाणकाची (त्याच घटकाच्या शुद्ध नमुन्याची) पाच बिंदूंची रेषा आणि अंतर्गत प्रमाणक (नमुन्यात मुद्दाम मोजून घातलेला दुसरा पदार्थ). ऊर्ध्वपातनही तीनदा करा, एकाच घाण्यातून तीन इंजेक्शनं देऊन 'तीन वाचनं' म्हणू नका. युरोपीय फार्माकोपियाच्या चक्रीफूल तेलाच्या पट्ट्यात ट्रान्स-ॲनेथोल ८६ ते ९३% बसतं. तुमच्याकडे ते कमी आणि ॲनिसाल्डिहाइड वाढलेलं आलं तर तेल जुनं आहे किंवा बाटली उघडी राहिली होती. कॅसियात तसाच इशारा सिनॅमिक आम्ल देतं. त्याचा पीक शेपूट ओढत येतो.

हा आलेख काय सांगत नाही

जपानी चक्रीफुलातलं खरं विष ॲनिसॅटिन. ते वाफेबरोबर तेलात येत नाही, त्यामुळे तेलाचा जीसी-एमएस निर्दोष आला तरी 'माल विषमुक्त' असं लिहिता येत नाही. त्यासाठी फळाचाच अर्क काढून एलसी-एमएसवर (वाफ न होणारे घटकही द्रवातून वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) बघावं लागतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नका असा इशारा दिला होता, कारण तो पाजल्यावर तान्ह्या बाळांसकट काही लोक आजारी पडले होते. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध बनवताना लागणारं शिकिमिक आम्लही याच फळात भरपूर असतं, तेही तेलात सापडायचं नाही.

अहवालात वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, दळण, मालाचं वजन, ओलावा, पद्धत तरंगत्या तेलाची की झायलीनची, उकळीचे तास, थंड पाण्याचं तापमान आणि प्रत्येक घटकापुढे इंडेक्स लिहा. नुसती लायब्ररीची जुळणी टक्क्यांत देऊन थांबलेला तक्ता मी परत पाठवते.

उरलेलं तेल तपकिरी बाटलीत, काठोकाठ भरून, फ्रीजमध्ये. उजेडात ट्रान्स-ॲनेथोलचं थोडं सिस होतं आणि हवेने ॲनिसाल्डिहाइड. पुढच्या वेळी चक्रीफुलाची बाटली काढाल तेव्हा तळाशी पांढरे स्फटिक आणि वर थोडं पातळ तेल दिसेल. त्या पातळ थरातून सुई भरू नका. ॲनेथोलचा मोठा भाग खाली गोठलेला आहे. बाटली कोमट पाण्यात धरा, शेवटचा स्फटिक विरघळू द्या, दोन-तीनदा उलटीसुलटी करा आणि मगच मायक्रोलिटर काढा.